माळ्यावरच्या रेकॉर्ड्स विकण्यापूर्वी

मैत्रिणींनो, माळा आवरताना जुन्या रेकॉर्ड्स निघाल्या, की भंगारवाल्याला हाक मारायची घाई नको. आधी वेष्टन बघा. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बमवर अनुक्रमांक घातले होते. त्यातला पहिल्या नंबरचा, रिंगो स्टारजवळचा संच २०१५ साली लिलावात ७ लाख ९० हजार डॉलर्सना गेला! गाणी तीच, मोल नंबराचं.

बीटल्सच्या रेकॉर्ड्स आपल्याकडे दमदमच्या कारखान्यातही निघत. देश बदलला की लेबल, छपाई बदलते. शौकीन त्याच फरकासाठी पैसे मोजतात. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे साच्याची ओळख सांगतात.

सगळ्याच रेकॉर्ड्सना भाव येत नाही, हे खरं. पण सासऱ्यांनी हौसेनं जमवलेला ठेवा किलोवर घालण्यापूर्वी आकडे वाचा, घरच्यांना विचारा. तोवर रेकॉर्ड्स उभ्या आणि उन्हापासून दूर ठेवा.