जुन्या सेफ्टी रेझरचे रूप

जुन्या दुधारी सेफ्टी रेझरचे देखणेपण त्याच्या बांधणीतून आलेले आहे. किंग कॅम्प जिलेट यांना फेकून देण्याजोग्या पातळ पात्याची कल्पना 1895 मध्ये सुचली. विल्यम निकरसन या अभियंत्याने ती कारखान्यात उतरवली, 1903 मध्ये विक्री सुरू झाली आणि 1904 मध्ये पेटंट मिळाले. कागदासारखे पाते सपाट ठेवले तर थरथरते, वाकवून आवळले की ताठ होते. म्हणून वरची टोपी कमानदार झाली. या घाटाची ओळख ठरलेली ती कमान अशी पात्याच्या गरजेतून आली.

सुरुवातीचा रेझर तीन भागांचा होता: टोपी, दातेरी बैठक आणि दांडा. अंगाला पितळ, वर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा. ओल्या, साबणाळलेल्या बोटांतून दांडा निसटू नये म्हणून त्यावर बारीक आडव्या-तिरप्या रेघा कोरत. उजेडात हीच जाळी चमकते आणि रेझर दागिन्यासारखा दिसतो. मखमलीचे अस्तर लावलेल्या पेटीत तो विकला जाई, तेव्हा दागिन्याचा भास काही अगदीच अनाहूत नसावा!

1930 च्या दशकात पाते बदलण्याची खटपट कमी झाली. 1934 मध्ये आलेल्या ‘ॲरिस्टोक्रॅट’च्या दांड्याचे टोक फिरवले की माथ्यावरची दोन झाकणे पंखांसारखी उघडत. सुटे भाग गेले, पाते बदलणे हा एक छोटासा खेळच झाला. 1938 चा ‘टेक’ मात्र तीन भागांचाच राहिला. त्याला दात्यांऐवजी सलग पट्टी होती. दिसायला साधा, पण प्रमाणबद्ध.

संग्राहकांचा खरा लाडका 1958 चा ॲडजस्टेबल रेझर. आखूड, जाड दांड्यामुळे त्याला ‘फॅटबॉय’ हे टोपणनाव पडले. माथ्याखालच्या कड्यावर 1 ते 9 आकडे आहेत. कडे फिरवले की पाते आणि पट्टी यांतील फट कमी-जास्त होते. कॅमेऱ्याच्या भिंगावरचे कडे फिरवताना येते तीच गंमत इथे हाताला मिळते. 1961 च्या ‘स्लिम’मध्ये दांडा सडपातळ झाला. तो हाताला हलका, पण फॅटबॉयचा रुबाब त्याला नाही.

या काळातल्या अमेरिकी जिलेट रेझरच्या माथ्याखाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. ‘एफ 2’ म्हणजे 1960 ची दुसरी तिमाही. विकत घेताना हा शिक्का पाहावा, झाकणे दोन्ही बाजूंनी सारखी मिटतात का तेही पाहावे. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. पितांबरीसारख्या पावडरीने तो घासू नये, कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. आजचे दुधारी ब्लेड यातल्या प्रत्येक रेझरमध्ये बसते.