सल्ला कोणाचा ऐकावा?



बियाणं विकत घ्यावं लागतं. खत विकत घ्यावं लागतं. सल्ला मात्र फुकट मिळतो. पारावर बसा, चार माणसं चार सल्ले देतील. एक म्हणेल, सोयाबीन पेरा. दुसरा म्हणेल, कपाशीच बरी. मुलीच्या लग्नाचं बोलणं निघालं, तर सल्ला देणाऱ्यांची रांगच लागते.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण चांगली आहे. पण नुसत्या मनाचं ऐकून भागतं का? मन कधी रागात असतं, कधी लोभात असतं. रागावलेल्या मनाचा सल्ला आणि दारू प्यालेल्या मित्राचा सल्ला, दोन्ही सारखेच.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळींची वस्ती थोडी आहे, पण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आले. अकोला, खामगाव, बुलढाणा, चिखली अशा ठिकाणी त्यांनी काम सुरू केलं. पुढे १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पोरक्या मुलांना मिशनच्या लोकांनी आसरा दिला. आजही रविवारी देवळात उपासना होते, आणि उपासना संपली की अंगणात घरच्या अडचणींची बोलणी निघतात. पाळकसाहेब काही सांगतात, मंडळीतले वडील काही सांगतात. ख्रिस्ती माणूस असं मानतो, की देव आपल्याशी पवित्र शास्त्रातून बोलतो, प्रार्थनेतून बोलतो, आणि चांगल्या माणसाच्या तोंडूनही बोलतो. मग प्रश्न असा पडतो, की समोरचा बोलतो आहे तो देवाचा सल्ला, की त्याचा स्वतःचा? आणि देवाचा असेल, तर तो न ऐकल्याने काय होतं? या पाठात आपण हेच पाहू. पाठ ख्रिस्ती जीवनाबद्दल आहे. पण सल्ला पारखण्याची गरज सगळ्यांनाच आहे.

जू हलकं करा

पवित्र शास्त्रात रहबाम राजाची गोष्ट आहे. रहबाम हा शलमोन राजाचा मुलगा. शलमोनाने मोठमोठ्या इमारती बांधल्या. पण त्यासाठी लोकांना फार राबवलं. शलमोन वारला तेव्हा लोक रहबामाकडे आले. म्हणाले, तुमच्या वडिलांनी आमच्या मानेवर जड जू ठेवलं होतं. तुम्ही ते हलकं करा, म्हणजे आम्ही तुमची चाकरी करू.

जू म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मान सोलून निघालेला बैल आपण पाहिलेला आहे.

रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. आधी त्याने वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, लोकांशी गोड बोला, त्यांचं ऐका, ते जन्मभर तुमचे होतील. मग त्याने आपल्या बरोबरीच्या दोस्तांना विचारलं. ते म्हणाले, असं ढिलं पडू नका, जू आणखी जड करतो म्हणून सांगा. राजाला दोस्तांचं पटलं. कारण त्यात त्याचा ताठा सांभाळला जात होता.

परिणाम काय झाला? बारा वंशांपैकी दहा वंश फुटून निघाले. एका राज्याची दोन राज्यं झाली. ती पुन्हा कधी एक झाली नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रहबामाने सल्ला विचारला नाही, असं नाही. त्याने दोनदा विचारला. पण त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता. आपणही पुष्कळदा असंच करतो. हवं ते सांगणारा माणूस भेटेपर्यंत दारोदार विचारत फिरतो.

लहानाच्या तोंडचा सल्ला

दुसरी गोष्ट नामानाची. नामान हा अराम देशाचा सेनापती. मान मोठा, पण अंगावर कोड फुटलेलं. त्याच्या घरी लढाईत धरून आणलेली एक लहान मुलगी होती. ती त्याच्या बायकोची कामं करी. ती म्हणाली, आमच्या देशात देवाचा एक संदेष्टा आहे, धनी तिकडे गेले तर बरे होतील.

नामान गेला. अलीशा संदेष्ट्याने निरोप पाठवला, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारा. नामानाला राग आला. आमच्या देशात काय नद्या नाहीत? असं म्हणून तो परत निघाला. तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याची समजूत घातली. म्हणाले, एखादं अवघड काम सांगितलं असतं, तर तुम्ही केलंच असतं. मग हे सोपं काम का करू नये? नामानाने ऐकलं, आणि तो बरा झाला.

पाहा, सेनापतीला सल्ला कोणी दिला? एका परक्या मुलीने आणि चाकरांनी. सल्ला देणाऱ्याचं वय, जात, हुद्दा पाहून सल्ल्याची किंमत करू नये. घरातली सून चांगलं सांगत असेल, शाळेत जाणारी नात चांगलं सांगत असेल, तर ऐकण्यात कमीपणा नाही.

देवाचं नाव घेतलं म्हणजे झालं का?

आता उलटी गोष्ट. हीदेखील पवित्र शास्त्रातलीच आहे. देवाने एका माणसाला निरोप देऊन पाठवलं, आणि बजावलं की तिथे अन्नपाणी घेऊ नकोस, सरळ परत ये. वाटेत त्याला एक म्हातारा संदेष्टा भेटला. म्हणाला, मला देवदूताने सांगितलं आहे, तुला माझ्या घरी जेवायला न्यावं. हे साफ खोटं होतं. पण बोलणारा म्हातारा, त्यातून संदेष्टा, आणि नाव देवाचं! त्या माणसाने विश्वास ठेवला. तो जेवला, आणि परत जाताना वाटेत सिंहाने त्याला मारलं.

गोष्ट कठोर आहे. पण सांगते ती खरं. देवाचं नाव घेऊन दिलेला प्रत्येक सल्ला देवाचा नसतो.

आजचंच उदाहरण घ्या. समजा एखाद्याला क्षयरोग झाला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. साधारण सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते. तेवढ्यात कोणी येऊन म्हणतो, तुमचा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, नुसती प्रार्थना करा. औषध मध्येच सोडलं तर रोग उलटतो. मग नेहमीच्या गोळ्या लागू पडेनाशा होतात, आणि घरातल्या लेकरांनाही तो रोग लागू शकतो. प्रार्थना जरूर करावी. गोळीही घ्यावी. ख्रिस्ती मिशनांनी आपल्या देशात गावोगाव दवाखाने काढले, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. सेवा हीसुद्धा देवाची आज्ञा आहे, म्हणून काढले.

पंडिता रमाबाई

सल्ला ऐकावा कसा आणि नाकारावा कसा, हे महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून शिकावं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवू नये, असं त्या काळच्या शास्त्रीमंडळींचं मत होतं. अनंतशास्त्र्यांनी ते मानलं नाही. त्यांनी बायकोला शिकवलं, मुलीलाही शिकवलं. त्यासाठी रानात जाऊन राहण्याची पाळी आली, ती त्यांनी सोसली. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी देशभर फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

तिथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांना विचारलं, तुम्ही वेद वाचले आहेत का? रमाबाई म्हणाल्या, बायकांना तो अधिकार नाही. केशवचंद्रांनी सांगितलं, तुम्ही वाचा, आणि वेदाची एक प्रत हातात ठेवली. रमाबाईंनी हा सल्ला ऐकला. तेव्हापासून स्वतः वाचून पारखायची त्यांना सवयच लागली.

१८८३ साली त्या विलायतेला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज गावी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनातल्या शंका फेडायला नेहेम्या गोरे यांची पत्रं फार उपयोगी पडली. हे गोरे मूळचे नीळकंठशास्त्री, काशीचे पंडित. हाही सल्ला रमाबाईंनी विचार करून घेतला.

पण त्यांनी सगळंच ऐकलं, असं नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंनी गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन भाषेतले शब्द असावेत, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी संस्कृत शब्द मागितले. लॅटिन मला येत नाही आणि माझ्या देशबहिणींनाही येत नाही, मग ते माझ्या काय कामाचं? असा त्यांचा मुद्दा होता. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला पडला, शिकवू नये, देशात नाव खराब होईल. रमाबाईंना हा सल्ला पटला नाही, आणि तसं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं. देवाने मला विवेक दिला आहे, तो मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

एवढे वाद झाले, तरी सिस्टर जेराल्डीनना त्या पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. सल्ला नाकारला, पण नातं तोडलं नाही. हे आपण शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे एक सल्ला मानला नाही, तर भावाभावांचं बोलणं बंद होतं.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला नेलं. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर हे सदनाचे सल्लागार होते. मुलींच्या कानी ख्रिस्ती प्रार्थना पडू नये, असं त्यांचं मत. मुलींना सदनात पाठवताना आईबापांना तसा भरवसा होता, ही त्यांची बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. रमाबाई म्हणत, मी कोणावर जबरदस्ती करत नाही, पण माझ्या प्रार्थनेचं दार मी लावून घेणार नाही. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या. चांगल्या माणसांचा सल्ला नाकारला, की त्याची किंमत मोजावी लागते. रमाबाईंनी ती मोजली. कुरकुर करत बसल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. लहानपणी दुष्काळात आईबाप गेले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. ते आजही चालू आहे.

सल्ला कसा पारखावा?

यावरून आम्हाला चार कसोट्या दिसतात. त्या लक्षात ठेवा.

पहिली : या सल्ल्यात फायदा कोणाचा? सांगणाऱ्याचाच खिसा भरत असेल, तर थांबा.

दुसरी : यात दुबळ्यावर जू वाढतं की हलकं होतं? बायको, लेकरू, सालदार, शेजारची विधवा यांच्यावर भार टाकणारा सल्ला देवाचा असणं कठीण.

तिसरी : तो शास्त्राशी जुळतो का? एखादं वाक्य उचलून दाखवणं सोपं असतं. मागचं पुढचं वाचून पाहा.

चौथी : घाई कोण करतो आहे? आत्ताच सही करा, आत्ताच होय म्हणा, असं म्हणणाऱ्याला सांगा, उद्या सांगतो. रात्री प्रार्थना करा, घरी विचारा, मंडळीतल्या दोन शहाण्या माणसांना विचारा.

आणि चारही कसोट्यांना उतरला, तर मग मागे हटू नका. कडू लागला तरी ऐका. दारू सोड, मुलीला शाळेतून काढू नकोस, अठरा वर्षांच्या आत तिचं लग्न लावू नकोस, भावाचा बांध कोरू नकोस, हे सल्ले गोड लागत नाहीत. नामानालाही नदीत बुडी मारणं गोड लागलं नव्हतं.

वाचणाऱ्याची ताकद

बिरुया नावाच्या गावात पौलाने उपदेश केला, तेव्हा तिथल्या लोकांनी तो आवडीने ऐकला. पण ऐकून थांबले नाहीत. हा सांगतो ते खरं आहे का, म्हणून रोज शास्त्र उघडून पाहू लागले. पौलासारख्याचं बोलणं त्यांनी पारखलं, आणि शास्त्रात त्यांची त्यासाठी वाखाणणीच केली आहे.

हे त्यांना जमलं, कारण त्यांच्यात वाचणारे होते. रमाबाईंनी हेच ओळखलं. म्हातारपणी त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. खेड्यातल्या साध्या बाईलाही समजावं, अशी सोपी भाषा त्यांनी वापरली. केडगावच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत आणि छापत. १९२२ साली रमाबाई वारल्या, त्याआधी थोडेच दिवस हे काम पुरं झालं. १९२४ साली ते संपूर्ण पुस्तक बाहेर पडलं.

तुम्ही आता वाचू लागला आहात. काल कोणी कागद पुढे केला, तर अंगठा उठवण्याशिवाय गत नव्हती. कोणी म्हणालं, शास्त्रात असं लिहिलं आहे, तर मान डोलवावी लागत होती. आज तुम्ही नम्रपणे म्हणू शकता, कुठे लिहिलं आहे दादा? मला दाखवा, मी वाचून पाहतो.

सांगणारा खरा असेल, तर त्याला राग येणार नाही. तो आनंदाने पान काढून देईल.

विचार करा

१. रहबामाने दोनदा सल्ला विचारला, तरी त्याचं नुकसान का झालं?

२. रमाबाईंनी कोणाचे सल्ले ऐकले आणि कोणाचे नाकारले?

३. या महिन्यात तुम्हाला मिळालेला एक सल्ला आठवा. चार कसोट्या लावून पाहा, आणि घरच्या माणसांशी त्याबद्दल बोला.