उचल, करार आणि आपण

दौंड तालुक्यातले एक गुऱ्हाळ आपल्या एका तरुणाने भाड्याने चालवायला घेतले. बाप जन्मभर कोयता घेऊन मुकादमामागे हिंडला. मुलगा मालक झाला. मला अभिमान वाटला. कामगारांशी करायचा कागद दाखवायला तो शिरूरला माझ्याकडे आला. पहिलेच कलम होते : 'उचल फिटेपर्यंत कामगार दुसरीकडे कामाला जाणार नाही.' मी विचारले, "हे कुठून शिकलास?" तो म्हणाला, "गुरुजी, सगळेच असं लिहून घेतात."

सगळे लिहून घेतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार करणारे सज्ञान हवेत, संमती मोकळी हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. कायद्याने मना केलेल्या गोष्टीचा करार रद्दबातल असतो. स्टॅम्पपेपर, अंगठा आणि दोन साक्षीदार यांनी त्यात जीव येत नाही. उलट तोंडी ठरलेली मजुरी हाही करारच. कागद नाही म्हणून ती बुडवता येत नाही.

उचलीपायी माणूस अडकवणे म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असा करार निरर्थक ठरतो, ते कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशात राबवणे हीसुद्धा घटनेच्या 23 व्या कलमातली सक्तीची मजुरी होय. भुकेची सक्ती हीही सक्तीच.

किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी 1946 साली मांडले. 1948 साली त्याचा कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. किमान वेतन लहान मालकालाही चुकत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. कामगाराने काम सोडले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब करायचा. उचल देणे हा गुन्हा नाही. ती हप्त्याने कापता येते, पण सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत.

"आणि उचल घेऊन पळाला तर?" त्याचा प्रश्न खोटा नव्हता, पैसे त्यानेही व्याजाने आणले होते. मी म्हणालो, स्वच्छ व्यवहारातले उसने पैसे दिवाणी न्यायालयातून मागता येतात. माणूस तारण ठेवता येत नाही.

मग आम्ही नवा कागद केला : काम, तास, मजुरी, सुट्टी, उचलीची रक्कम, तिचा हप्ता, आणि काम सोडण्याची मोकळीक. प्रती दोन, एक कामगाराजवळ. कामगार उत्तरेकडचे, म्हणून हिंदीतून वाचून दाखवायचे ठरले.

महारकीला कागद नव्हता, ठरलेली मजुरी नव्हती आणि सोडून जायची सोयही नव्हती. ती वतने 1958 च्या कायद्याने गेली. आपली पोरे आता मालक होत आहेत, व्हावीतच. पण मुकादमाचा कागद आपल्या हस्ताक्षरात उतरणार असेल, तर बदलले ते फक्त मालकाचे नाव. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी असा कागद आधी आपल्या माणसाच्या दुकानात तपासावा, मग दुसऱ्याच्या.