रायगड जिल्ह्यातील सुळका आरोहण

रायगड जिल्ह्यातील सुळका आरोहण हा प्रस्तरारोहणाचा एक प्रकार आहे. यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभे राहिलेले बेसाल्ट खडकाचे सुळके दोराच्या साहाय्याने, बहुधा अनुभवी मार्गदर्शकाच्या नेतृत्वाखाली चढले जातात. महाड तालुक्यातील लिंगाणा आणि पनवेल तालुक्यातील कर्नाळा हे या जिल्ह्यातील दोन प्रसिद्ध सुळके होत. दोन्ही ज्वालामुखीजन्य खडकाचे असले तरी ते स्वतः ज्वालामुखी नव्हेत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या हिमाच्छादित ज्वालामुखींवरील मार्गदर्शित आरोहणाशी या प्रकाराची तुलना केली असता उंची, हवामान आणि साधने यांत मोठा फरक आढळतो. मात्र माघार केव्हा घ्यावी हे ठरविण्याची मार्गदर्शकाची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची ठरते.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर लाव्हारसाचे थर साचले. हा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून बाहेर येऊन दूरवर पसरला. त्यामुळे येथे शंकूच्या आकाराचे उंच ज्वालामुखी पर्वत न बनता एकावर एक आडवे थर रचले गेले. या प्रदेशाला दख्खनचे पठार किंवा दख्खन ट्रॅप म्हणतात. त्याचे आजचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

रायगडच्या किनारपट्टीत हे थर पूर्णपणे आडवे राहिलेले नाहीत. ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, कलले आहेत. या रचनेला भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर असे नाव आहे. किनाऱ्यालगतचा प्रदेश झिजत गेला, तसतसा सह्याद्रीचा कडा पूर्वेकडे मागे सरकला. ही झीज होत असताना मुख्य कड्यापासून सुटलेले काही कठीण भाग मागे उभे राहिले. लिंगाण्यासारखे सुळके अशा रीतीने तयार झाले. त्यांचा शंकूसारखा आकार पाहून हे जुने ज्वालामुखीचे तोंड असावे, असा समज पुष्कळदा होतो. प्रत्यक्षात हा आकार वारा, पाऊस आणि झीज यांनी कोरलेला आहे. पालीजवळील उन्हेरे आणि महाडजवळील सव येथे उष्ण पाण्याचे झरे असले, तरी जिल्ह्यात एकही जागृत ज्वालामुखी नाही. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे.

लाव्हाच्या थरांचा आरोहणावर थेट परिणाम होतो. घट्ट बेसाल्टचा थर उभ्या कड्याच्या रूपाने दिसतो. त्याच्या वरखाली असलेले सच्छिद्र किंवा तांबडे, मऊ थर लवकर झिजून तेथे अरुंद टप्पे, मुरूम आणि घसारा तयार होतो. त्यामुळे सुळक्यावरील वाट बहुधा ‘कडा, टप्पा, पुन्हा कडा’ अशी चढत जाते. कड्यावर दोर आवश्यक असतो हे सर्वांना कळते. टप्प्यावरील सुटा मुरूम मात्र अनेकदा दुर्लक्षिला जातो, आणि पाय घसरण्याचा धोका तेथेच अधिक असतो.

प्रमुख सुळके

लिंगाणा : रायगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या दरम्यान असलेला लिंगाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. जावळीच्या मोऱ्यांचा १६५६ मध्ये पाडाव केल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे किल्ला वसविला, असे सांगितले जाते. या किल्ल्याचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होत असे. सुळक्याच्या मध्यावर खडकात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. जुन्या पायऱ्या आता बहुतांशी नष्ट झाल्यामुळे दोराशिवाय चढाई करता येत नाही.

लिंगाण्याकडे जाण्याची प्रचलित वाट घाटमाथ्यावरील मोहरी गावातून आहे. तेथून रायलिंगीच्या पठारावर गेल्यास समोर लिंगाण्याचा संपूर्ण सुळका आणि त्यामागे रायगड दिसतो. बोराट्याची नाळ काही अंतर उतरल्यावर आडव्या वाटेने रायलिंगी आणि लिंगाणा यांमधील खिंडीत पोहोचता येते. खरी चढाई या खिंडीतून सुरू होते. कोकणच्या बाजूने येणारी वाट पाने गावाकडून लिंगाणा माचीवर चढते. तांत्रिकदृष्ट्या लिंगाण्याची वाट अतिकठीण गणली जात नाही. तथापि दोन्ही बाजूंना खोल दरी असल्याने नवशिक्याला दृष्टिभय जाणवते.

कर्नाळा : मुंबई–गोवा महामार्गालगतच्या या किल्ल्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा दिसणारा उभा सुळका आहे. त्याची स्वतःची उंची सुमारे ३८ मीटर आहे. इंग्रजी कागदपत्रांत या डोंगराला त्याच्या आकारावरून ‘फनेल हिल’ म्हटले आहे. किल्ल्यापर्यंतची पायवाट सर्वसामान्य पर्यटकांना जमण्यासारखी आहे. सुळका मात्र केवळ प्रशिक्षित आरोहकांसाठी आहे. पायथ्याचा परिसर १९६८ पासून पक्षी अभयारण्य असल्याने येथील प्रवेश आणि वावर वन विभागाच्या नियमांच्या अधीन आहे. सुळक्यावर आग्या मोहोळांची पोळी असतात. धूर, मोठा आवाज किंवा उग्र सुगंधी द्रव्ये यांमुळे मधमाश्या चवताळू शकतात. दोरावर लोंबकळत असलेल्या माणसाला त्यांच्यापासून दूर पळता येत नाही, म्हणून पोळी दिसल्यास चढाई रद्द करणे हाच योग्य निर्णय मानला जातो.

आरोहणाची पद्धत

पथकातील सर्वांत अनुभवी आरोहक प्रथम चढतो. खाली उभा असलेला सहकारी त्याचा दोर नियंत्रित करतो. या क्रियेस बिले देणे म्हणतात. पुढचा आरोहक कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये किंवा मेखांमध्ये कॅराबिनर अडकवून त्यातून दोर ओवतो. त्यामुळे तो निसटला तरी शेवटच्या आधाराखाली ठरावीक अंतरापर्यंतच घसरतो. टप्प्यावर पोहोचल्यावर तो एकाहून अधिक आधारांना दोर बांधून अँकर तयार करतो आणि इतरांना वरून बिले देतो. प्रत्येकाजवळ हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर आणि उतरण्यासाठी डिसेंडर असावा लागतो. उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून अवरोहण, करतात.

रायगडची हवा समुद्रामुळे दमट असते आणि पावसाळाही दीर्घ असतो. अशा हवेत कातळातील जुन्या लोखंडी मेखा गंजतात. बाहेरून शाबूत दिसणारी मेख आतून कमजोर असू शकते. म्हणून आधीच्या पथकाने ठेवलेल्या मेखेवर किंवा दोरावर तपासणी न करता भार देणे चुकीचे आहे.

मार्गदर्शकाची जबाबदारी

मार्गदर्शकाचे काम वाट दाखविण्यापुरते मर्यादित नसते. सहभागींची निवड, साधनांची तपासणी, वेळेचे गणित आणि माघारीचा निर्णय ही त्याची मुख्य कामे होत.

वेळेचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होते. एका कड्यावर एकच दोर लावला आहे आणि प्रत्येकास चढण्यास १० मिनिटे लागतात, असे मानू. पथकात ६ जण असतील, तर तो कडा एका तासात पार होईल. २० जण असतील, तर त्याच कड्यासाठी ३ तास २० मिनिटे लागतील. असे चार कडे असल्यास आणि उतरण्याचा वेळ धरल्यास मोठ्या पथकातील शेवटच्या माणसावर अंधारात, थकलेल्या अवस्थेत रॅपलिंग करण्याची वेळ येऊ शकते. पथक लहान ठेवणे हा म्हणूनच सुरक्षिततेचा पहिला उपाय ठरतो.

जबाबदार मार्गदर्शक माघारीची वेळ आदल्या दिवशीच निश्चित करतो आणि ती सर्वांना सांगतो. ठरलेल्या वेळेपर्यंत माथा गाठला नाही, तर कितीही थोडे अंतर उरले असले तरी पथक परतते. हा निर्णय प्रत्यक्ष कड्यावर घेण्याचे ठरविल्यास माथ्याची ओढ आणि सहभागींचा आग्रह यांमुळे तो लांबणीवर पडतो.

हंगाम आणि धोके

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य हंगाम होय. जून ते सप्टेंबरमध्ये कातळावर शेवाळ असते, धुक्यामुळे वाट दिसत नाही आणि नाळांतून पाण्याचे लोंढे येतात. एप्रिल–मे महिन्यांत कातळ तापतो आणि उष्माघाताचा धोका संभवतो. सुळक्यावरील टाक्यांवर विसंबून न राहता पुरेसे पाणी सोबत नेणे आवश्यक आहे. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटणारे दगड हा सर्व ऋतूंतील धोका आहे. म्हणूनच हेल्मेट केवळ चढताना नव्हे, तर पायथ्याशी थांबलेल्यांनीही घालावे लागते.

अँडीजमधील ज्वालामुखी आरोहणाशी तुलना

इक्वेडोरमधील कोतोपाक्सी (५,८९७ मीटर) आणि चिंबोराझो (६,२६३ मीटर) ही मार्गदर्शित आरोहणाची प्रसिद्ध शिखरे आहेत. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये चिंबोराझोवर चढण्याचा प्रयत्न केला, पण ते माथ्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. १८८० मध्ये इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांनी ते शिखर गाठले. त्यांच्यासोबत इटलीतील वाटाडे ज्यां-आंत्वान कॅरेल आणि लुई कॅरेल होते. या शिखराच्या पहिल्या यशातही मार्गदर्शकांचा वाटा होता.

कोतोपाक्सीच्या माथ्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे आरोहक आधी कमी उंचीच्या शिखरांवर चढून शरीराला विरळ हवेची सवय लावतात. चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करून पहाटे माथा गाठायचा आणि उन्हाने बर्फ मऊ होण्यापूर्वी परतायचे, अशी तेथील रीत आहे. बुटांना लोखंडी दातांचे क्रॅम्पॉन लावतात, हाती बर्फाची कुऱ्हाड असते आणि हिमनदीतील भेगांमुळे मार्गदर्शक व आरोहक एकाच दोराने परस्परांना बांधलेले असतात. ज्वालामुखी जागृत असल्याने पर्वतच बंद करण्याची वेळही येते. २०१५ मध्ये कोतोपाक्सीचा उद्रेक सुरू झाल्यावर तेथील आरोहण थांबविण्यात आले होते.

लिंगाण्यावर विरळ हवा नाही, बर्फ नाही आणि उद्रेकाची भीतीही नाही. उंची कमी असल्यामुळे तो सोपा वाटतो आणि पूर्वतयारीकडे दुर्लक्ष होते. कोतोपाक्सीची उंचीच नवशिक्याला सावध करते. लिंगाण्याच्या बाबतीत ते काम मार्गदर्शकाला करावे लागते. दरीची खोली तीनशे मीटर असो वा तीन हजार, दोर सुटल्यास परिणामात फरक पडत नाही.

नियमन आणि बचावकार्य

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर केले. त्यात साहसी उपक्रम राबविणाऱ्या आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे यांची तरतूद आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही राज्यातील गिर्यारोहण संस्थांची शिखर संघटना आहे. दुर्गम ठिकाणी अपघात झाल्यास स्थानिक गिर्यारोहक, ग्रामस्थ आणि पोलीस यांच्या सहकार्याने बचावकार्य केले जाते. सुळक्यावरून जखमी व्यक्तीला खाली आणण्यास पुष्कळ वेळ लागू शकतो. त्यामुळे पथकाचा मार्ग, सदस्यांची नावे आणि परतण्याची वेळ पायथ्याच्या गावात कळवून ठेवणे उपयुक्त ठरते.

मार्गदर्शित मोहिमेत नाव नोंदविण्यापूर्वी आयोजकाची नोंदणी, मार्गदर्शकाचे प्रशिक्षण, पथकातील सहभागींची संख्या, साधनांची स्थिती आणि माघारीची ठरलेली वेळ या पाच बाबींची चौकशी करणे इष्ट असते.