आपलीही होती डोंगरावरची राजधानी!

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची राजधानी क्विटो सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसली आहे. कळसूबाईच्या माथ्यावरून (१,६४६ मीटर) आणखी बाराशे मीटर चढलात, की क्विटोचा बाजार लागला म्हणायचा! जागतिक वारशाच्या १९७८ च्या पहिल्याच यादीत युनेस्कोने हे शहर घेतलं. एवढी उंची खानदेशात नाही, पण डोंगरावर बसून राज्य हाकणं आपल्यालाही ठाऊक होतं. चला, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या गावांना एक चक्कर मारू.

लळिंग : हायवेवरून दिसणारं तख्त
धुळ्याहून मालेगावकडे निघालात की दहाएक किलोमीटरवर हा किल्ला समोर येतो. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याने थोरल्या मुलाला, नासीरखानाला, लळिंग दिलं, धाकट्याला थाळनेर. पुढे नासीरखानाने भावाचं थाळनेरही घेतलं. पण १४३७ मध्ये बहामनी फौजेने त्याची नवी राजधानी बुऱ्हाणपूर लुटली, तेव्हा तो लळिंगलाच परतला. इथेही हरला आणि लवकरच वारला. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही गडावर पाहायला मिळतात.

थाळनेर : सुलतान आणि स्वरसम्राज्ञी
शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं हे गाव फारुकींची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी इथेच आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये किल्लेदार तुळशीराम मामांनी इंग्रजांशी झुंज दिली आणि त्यापायी त्यांना फाशी झाली. आणि हो, थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ! पावागढचे गरबे लताबाई आपल्या आजीकडूनच शिकल्या.

अशीरगड : डोल्यांतून आलेली फौज
फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की नासीरखानाने बायकामुलांना आसरा हवा असं सांगून डोल्या गडावर पाठवल्या. आत निघाले हत्यारबंद शिपाई! गड आसा अहिराचा होता. अहिराणी बोलणाऱ्यांना ते नाव लगेच ओळखीचं वाटेल.

बुऱ्हाणपूर : संताच्या नावाचं शहर
डोंगरावरून राजधानी पुन्हा तापीकाठी उतरली. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव या शहराला मिळालं. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली आणि ताजमहालाआधी तिचं पहिलं दफनही इथेच झालं. आता शहर मध्य प्रदेशात आहे. जळगावकरांनी भुसावळमार्गे रेल्वेने जावं आणि मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय परतू नये.

खानदेशचा झाला ‘दानदेश’
१६०१ मध्ये अकबराने अशीरगड जिंकला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून मुलखाचं नाव ‘दानदेश’ ठेवलं. लोकांनी मात्र खानदेशच म्हणणं सोडलं नाही.

क्विटोला जाल तेव्हा जाल. येत्या हिवाळ्यातल्या एका रविवारी पाण्याची बाटली घ्या, मुलांना सोबत न्या आणि पहाटेच लळिंग चढा. एरवी ज्या हायवेवरून आपण भरधाव जातो, तो आपल्याच जुन्या राजधानीच्या पायथ्याशी आहे, हे त्यांना वरून दाखवा.