‘एक्स्पंज’ म्हणजे नुसतं खोडणं नव्हे



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शोधनिबंधाच्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘तीन रीडिंग एक्स्पंज केली.’ शब्द भारदस्त वाटला म्हणून वापरला. गाईडनी त्याभोवती गोल केला आणि विचारलं, "कुणाच्या आदेशाने? आणि कुठून, वहीतूनसुद्धा?"

खरं सांगतो, वहीत मी व्हाइटनर लावला होता. नेकनूर भागातल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडची ती रीडिंग. बाकीच्यांपेक्षा फार जास्त आली, म्हणून पुसली.

आता शब्दाकडे वळू. एक्स्पंज म्हणजे अधिकृत नोंदीतला मजकूर अधिकार असलेल्या व्यक्तीने वगळणं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘टोचणे’. युरोपातले जुने लेखनिक चुकलेल्या अक्षराखाली ठिपके देत. ठिपका दिसला की ते अक्षर वाचायचं नाही. म्हणजे अक्षर रद्द, पण दिसतंय!

लोकसभेच्या नियम ३८० नुसार अध्यक्ष असंसदीय किंवा बदनामीकारक शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगू शकतात. त्यासाठीचं क्रियापद हेच. आणि नियम ३८१ म्हणतो, त्या जागी तारांकन करा व खाली तळटीप द्या. शब्द जातात, पण काहीतरी काढलंय हे राहतं. खालच्या कोर्टाने निकालात मारलेले प्रतिकूल शेरे हायकोर्ट काढतं, तिथेही हाच शब्द येतो.

आपल्याकडेही हे आहेच. पोथीतल्या चुकीच्या अक्षरावर हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड, फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. बंदवाला हरताळ वेगळा. आणि घरचा जुना सातबारा काढून बघा. वारसाची नोंद झाली की आजोबांचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार नंबर टाकतात.

मग तुम्ही काय लिहायचं?

फाईल काढली तर ‘डिलीट’. विश्लेषणातून रीडिंग बाजूला ठेवलं तर ‘एक्सक्लूड’, आणि कारण लिहायचंच. छापलेला निबंध मागे घेतला तर ‘रिट्रॅक्ट’. संस्थेच्या किंवा कोर्टाच्या नोंदीतून आदेशाने काढलं तरच ‘एक्स्पंज’, आणि त्यापुढे ‘फ्रॉम’ लावून कुठून ते सांगायचं.

वहीत मात्र व्हाइटनर नको. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, तारीख, सही.

माझे ते तीन आकडे वाचताच येईनात. यंत्र चुकलं की पाणीच तसं होतं, हे ठरवायला पुन्हा नमुने आणावे लागले. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या वेळी एक आकडा पुन्हा तिच्या वरच आला. ते पाणी कुणीतरी रोज पीत होतं, आणि मी ते वहीतून पुसून टाकलं होतं.