सरासरी शिकवायची? आधी ठोकळे काढा!

प्राथमिकच्या मुलांना सरासरीचं सूत्र आधी सांगू नका. समजा, पाच मुलांनी महिन्यात वाचलेली पुस्तकं २, ३, ३, ४ आणि १३ आहेत. तेवढ्या ठोकळ्यांचे पाच मनोरे रचू द्या. मग उंच मनोऱ्यावरचे ठोकळे बाकीच्यांना देऊन सगळे एका उंचीचे करायला सांगा. प्रत्येकी ५ येतात. बेरीज २५ भागिले ५, हे त्यानंतर.

आता विचारा, बरोबर ५ पुस्तकं कोणी वाचली? कोणीच नाही! चौघं तर सरासरीच्या खाली आहेत. एकट्या १३ ने आकडा वर ओढला. माझ्या मते या धड्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

आकड्यांमागे काय दडलंय, हे आलेखातही बघायला शिकवा. चित्रालेखात एक चित्र म्हणजे किती वस्तू, ते प्रमाण आधी वाचायचं. स्तंभालेखात उभ्या अक्षाची सुरुवात बघायची. ५० आणि ५५ चे स्तंभ ४५ पासून काढले तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो, शून्यापासून काढले तर थोडासाच उंच. हे दोन्ही स्तंभालेख मुलांकडूनच काढून घ्या.

आणि सर्वेक्षण? ‘आवडता खेळ कोणता?’ हे फक्त क्रिकेटच्या मैदानावर विचारलं तर काय उत्तर येईल, ते मुलांनाच सांगू द्या.